बुकेला शास्त्र नसतं

काकी दोन्ही तळवे एकमेकांवर एकदाच घासायच्या, पीठ झटकल्यासारखे, आणि म्हणायच्या, "माझ्यावाचून काय अडतंय?" गल्लीत बारसं असो, डोहाळजेवण असो, बोलवायला गेलं की हेच. तुम्हाला वाटेल बाई फटकून वागणारी असेल. तसं नव्हतं. त्याच घरी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन अख्ख्या पंगतीच्या चपात्या लाटायच्या, आणि बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली की मागच्या दारानं निघून यायच्या.

काकी विधवा होत्या. एवढंच कारण.

कोल्हापुरात आमच्या समोरच्या खोलीत त्या राहायच्या. आता तिथं कुलूप आहे, त्या भावाकडं गारगोटीला गेल्या. मेसला चपात्या करून देणं हा त्यांचा धंदा. विधवा प्रथा बंद करा म्हणून आमच्या संघटनेतर्फे आम्ही पत्रकं काढायचो, त्यांच्या घड्या घालायला काकी बसायच्या. एकदा एक पत्रक वाचून म्हणाल्या, "लई झ्याक लिवलंयस." मग कुंकू लावणार का, असं मी विचारलं, तर हसल्या. "आगं, हे लोकास्नी वाटाय हाय न्हवं?"

मला राग यायचा. अजून येतो, फक्त नेमका कुणावर ते सांगता येत नाही.

त्यांच्या मुलीचं, पूनमचं, लग्न ठरलं. मुलगा इचलकरंजीचा, पोरगा बरा. कन्यादानाला दीर आणि जाऊ बसणार हे काकींनी स्वतःच ठरवून टाकलं. बापामागं पोरगी वाढवली कुणी, शिकवली कुणी, आणि पाटावर बसणार कोण, असं मी तावातावानं बोलले. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"उद्या हिला काय झालं, सासरी कोण आजारी पडलं, तर लोक माझं त्वांड बगत्याल. तवा तू पत्रक घिऊन येणार हैस?"

याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर सांगा.

सासरच्यांची एक हौस होती. रिसेप्शनला नवरीनं हातात फुलांचा बुके घेऊन हॉलमधून स्टेजपर्यंत चालत यायचं, व्हिडिओवाला मागंपुढं पळणार. पूनम आईला म्हणाली, "बुके तूच निवडायचास, आणि माझ्या हातात तूच द्यायचास. बुकेला काय शास्त्र न्हाय."

काकी तळवे घासायचं विसरल्या.

बघा ना, हळदीला शास्त्र, चुड्याला शास्त्र, ओटीला, मंगळसूत्राला शास्त्र. सगळीकडं जणू 'आत येऊ नये' अशी पाटी. पण बुके हे अलीकडं सिनेमातून आलेलं प्रकरण. त्याला कुणाच्या आजीनं नियम घातलेला नव्हता. पोरीच्या अख्ख्या लग्नात काकींना तेवढी एकच जागा मोकळी सापडली होती.

स्टेशन रोडच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले. दुकानदारानं मलाच नवरी समजून हातात गुच्छ दिला. काकी म्हणाल्या, "हिचं कुठलं लगीन? ही नुसती भांडाय आलीया." त्यानं पांढरी लिली दाखवली, सध्या हेच चालतंय म्हणाला. काकींनी ती हातानंच बाजूला सारली, पांढरं नको. जरबेराला वास नाही म्हणून तो नको. ऑर्किड प्लास्टिकचं वाटतं म्हणून नको. शेवटी लाल गुलाब आणि मध्ये निशिगंध. निशिगंध हाराला लागतो मावशी, बुकेत कोण घालतं, असं तो म्हणाला. "मी घालतीया," काकी म्हणाल्या, आणि नमुना म्हणून बांधलेला गुच्छ दोन्ही हातांत धरून दुकानाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मग आरशात मी दिसले, तशा एकदम लाजल्या.

लग्नाच्या दिवशी हळद, कन्यादान सगळं होईपर्यंत काकी भटारखान्यातच होत्या. मग मोतिया रंगाची नवी साडी नेसून आल्या. बुके हातात. पूनम खोलीत तयार होत होती, काकी दारापर्यंत पोचल्या होत्या. तेवढ्यात काकींच्या जाऊबाई आल्या. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, उलट हसू.

"द्या जरा हिकडं. पाच सवाशिणींचा हात लावून मगच नवरीला द्यायचा असतोय."

असतोय म्हणे! कधीपासून? या गावात बुके येऊन किती वर्षं झाली? पण पाचजणी तयारच होत्या. एकीनं तर त्याला हळदीकुंकूही लावलं. वरच्या प्लास्टिकवर ते ओघळलं.

कुठल्या पोथीत आहे हे, असं मी विचारलं. आधी स्वतःचं लग्न कर, मग कळंल, असं उत्तर आलं आणि पाचहीजणी हसल्या. मी बुकेला हात घालणार होते, खरंच घालणार होते. काकींनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"गप. पोरीला कळू दिऊ नगंस."

आतून पूनमचा आवाज आला, "आईनं दिलाय न्हवं?"

"व्हय, तिनंच," जाऊबाई म्हणाल्या. खोटं तरी कसं म्हणू?

पूनम बुके घेऊन मिरवत गेली. गर्दीत आईला शोधत होती, ते मला दिसत होतं. मी तोंड मिटून उभी. एरवी चौकात माईक धरणारी मी.

पाठवणीच्या वेळी गाडीपाशी काकी नव्हत्या. पूनम रडत, मान वळवून बघत गेली. मी आत आले. हॉल रिकामा झाला होता. डेकोरेशनची माणसं स्टेजवरची फुलं ओरबाडून पोत्यात भरत होती. बुके नवरीच्या खुर्चीवरच राहिला होता. काकी त्या खुर्चीच्या कडेला, स्टेजच्या पायरीवर बसल्या होत्या, आणि तो त्यांच्या मांडीवर होता. कुणी अडवत नव्हतं.

एक माणूस पोतं ओढत तिथं आला आणि त्यानं हात पुढं केला.

काकींनी बुके दुसऱ्या बाजूला घेतला.

"ह्यो न्हाय," त्या म्हणाल्या.