बोटभर बाजूला

कातारी गोल कापलेल्या लाकडी ठोकळ्यावर मध्याची खूण करून चहाला आत आला, की त्याची बायको पुढच्या खोलीत जायची. तिथेच लाकूड कातायचं लेथ होतं. खिळ्याला अडकवलेलं कर्कटक काढून ती कडेपासून चार बाजूंनी रेघा मारायची, खरा मध्य शोधायची. नवऱ्याची खूण पॉलिशपेपरने घासून टाकायची आणि बरोबर जागी टोचा मारायची. दोन मिनिटांचं काम. वर्षभर चाललं होतं.

त्याच्या डाव्या डोळ्यात पडदा वाढला होता आणि उजवाही पूर्वीसारखा राहिला नव्हता. डॉक्टरचं नाव काढलं की तो उसळायचा, "तीस वर्षं हा हात चालतोय. वाकडा उतरलाय का एक तरी वाडगा?"

उतरला नव्हता.

त्या दिवशी सकाळीच गिऱ्हाईक आलं. तयार वाडगा हातात घेऊन ती सहज म्हणाली, "याचा काठ इकडे जरा पातळ वाटतो."

"तू तुझी भांडी घास. लाकडातलं तुला काय कळतं?"

गिऱ्हाईक हसलं. तीही हसली.

तो चहाला आला तेव्हा ती पुढे गेली. खूण चांगली बोटभर बाजूला होती. कर्कटक तिने हातात घेतलं, आणि परत खिळ्याला अडकवलं. थरथरला वाडगा, वाया गेला ठोकळा, तर जाऊ दे. एकदा कळू दे.

त्याने खुणेवर लोखंडी प्लेट बेतली, स्क्रू आवळले, ठोकळा लेथवर चढवला. नेहमीसारखा हाताने फिरवूनही पाहिला. ठोकळा आणि हत्यार टेकवायची दांडी यांतली फट एका बाजूला वाढत होती, ती त्याला दिसली नाही. डोकं अजून तापलेलंच होतं. मंद चाकावरून सुरुवात न करता पट्टा त्याने सरळ जलद चाकावर टाकला.

स्वयंपाकघरात तिला लेथची थडथड ऐकू आली.

"अहो, बंद करा!"

ती दारात पोचली आणि ठोकळा सुटून त्याच्या तोंडावर आदळला.

जबडा जोडता आला. उजवा डोळा गेला.

"स्क्रू निसटले," तिने सासरहून आलेल्या मुलीला सांगितलं. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. पण रोज त्याला पेज भरवताना घास तिच्याच हातात थबकायचा. तिसऱ्या महिन्यात तिने चमचा खाली ठेवला.

"खूण चुकली होती. मी पाहिली होती. रोज नीट करायचे, त्या दिवशी केली नाही."

तो जड जिभेने म्हणाला, "रोज म्हणजे? कधीपासून?"

"वर्ष झालं."

"म्हणजे ते सगळे वाडगे…" डोळ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावून म्हणाला, "मला तुझ्याकडे ने."

"आणि आई?"

"तिला काम आहे."

त्याला मुलीकडे जाऊन आता चार वर्षं झाली. इथे ती एकटीच लेथ चालवते, पट्टा कायम मंद चाकावर ठेवून. मुलगी दर रविवारी फोन करते. बाबा जेवले, बाबांची तब्येत बरी आहे. "फोन देऊ का त्यांना?" असं ती पहिले काही महिने विचारायची. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग दार लागल्याचा.

आता मुलगी विचारत नाही.