सपकाळे नाना, एरंडोलमार्गे

सपकाळे नानांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एरंडोलला, एसटीतून घाईघाईनं उतरून थांब्यालगतच्या एका अनोळखी घराची कडी वाजवताना. आम्ही दोघं जळगावहून धुळ्याला एकाच सरकारी कचेरीत जायचो, पण माझी बदली नुकतीच झालेली, त्यामुळे ओळख नमस्कारापुरतीच. एका बाईनं दार उघडलं. नाना हात जोडून म्हणाले, "जय भीम, अक्का. मी चोर नही, पोटना पेशंट शे. संडास कोठे शे?" बाईनं मागच्या अंगाला बोट दाखवलं, नाना आत गेले आणि आमची गाडी पुढे निघाली. खिडकीत बसून त्यांच्या वाटची सगळी लाज मीच लाजले.

पुढच्या गाडीनं ते कचेरीत पोचले ते हसतच. "चहासुद्धा मिळाला, चौधरीबाई," म्हणाले.

नानांना क्रोन्स नावाचा आजार होता. यात आतड्याला सूज येते, जखमा होतात आणि पोट काळवेळ न बघता हाक मारतं. मुळापासून तो जात नाही. औषधानं वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मनात आलं की उठतो. नाना त्याला 'साहेब' म्हणायचे. साहेबांनी बोलावलं की हातातली फाईल तशीच टाकून निघायचे. हा आजार होतो कशानं, असं मी एकदा विचारलं. "डॉक्टर म्हणतात, नक्की माहीत नाही. बाई, एवढं शिकून 'माहीत नाही' म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल? म्हणून तर मी त्यांच्या गोळ्या घेतो."

पाळधी, एरंडोल, पारोळा, प्रत्येक गावात नानांचं एक घर झालं होतं. एरंडोलच्या त्या सुमनअक्का पुढे त्यांना राखी बांधू लागल्या. पाळधीच्या घरातल्या मुलीच्या लग्नात नाना मामा असल्यासारखे मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभे. "लोकांची नाती लग्नातून जुळतात, माझी संडासातून," हे ते जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडताना, हमखास म्हणायचे आणि आम्ही बायका डबे घेऊन लांब पळायचो. जय भीम आधी का म्हणता, असं विचारल्यावर मात्र हसले नाहीत. "ओळख आधीच दिलेली बरी. ज्याला दार लावायचं त्यानं तेव्हाच लावावं." काही ठिकाणी लागलंही असेल. त्या घरांबद्दल ते कधी बोलले नाहीत.

आणि मी कशी, तर घरून भरलेली पाण्याची बाटली धुळ्याला तशीच उतरवणारी. वाटेत गरज पडायला नको म्हणून सकाळी उठल्यापासून पाण्याचा थेंब घेत नसे. "बाई, तुमचं उन्हाळ्यात लोणचं होईल," नाना म्हणायचे.

मग साहेबांची बदली झाली. म्हणजे आजार शांत झाला, आणि तोही असा की कितीतरी वर्षं फिरकला नाही. नानांनी भरीत खाल्लं, शेवभाजी खाल्ली, शर्टाची बटणं ताणली जाईपर्यंत अंग धरलं. नवा चौपदरी रस्ता गावांबाहेरून गेला, आम्ही निवृत्त झालो आणि जळगावात मेहरूण तलावाच्या काठी फिरायला लागलो. एका हिवाळ्यात नाना फिरायला येईनासे झाले. मी त्यांच्या घरी गेले तर पायजमा नाडीवर कसाबसा टिकलेला, गाल आत गेलेले. "साहेब परत रुजू झाले," म्हणाले, "जुन्या अनुभवासह."

धुळ्याला त्यांच्या मुलीच्या, संघमित्राच्या, बाळाचं बारसं होतं. नाना म्हणाले, मी जाणार नाही. मी म्हटलं, माझी गाडी आहे. मी गाडी निवृत्तीनंतर शिकले होते, तेव्हा भीती वाटायचीच तर माझ्या चालवण्याची वाटायला हवी होती. पण भीती रस्त्याचीही नव्हती. "वाटेत त्या घरांपाशी थांबावंच लागेल, बाई. गरज होती तेव्हा कडी वाजवली. बरा झालो तसा फिरकलो नाही. आता कोणत्या तोंडानं जाऊ?" इतक्या वर्षांत मी नानांना लाजताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण राग आला. नातीपेक्षा तुमचं तोंड मोठं का, असं म्हणून मी त्यांना गाडीत बसवलं.

पाळधी सुखरूप गेली. एरंडोलच्या अलीकडे साहेबांची घंटी वाजली. पेट्रोल पंपाच्या संडासाला कुलूप, आणि किल्लीवाला जेवायला गेलेला. नाना "तिथे नको, तिथे नको" म्हणत असताना मी गाडी गावात घातली आणि अक्कांच्या दारात उभी केली. अक्का म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी नानांकडे एकदा नीट पाहिलं. म्हणाल्या, "पहिले जाई या. मंग मी भांडसू."

आणि भांडल्या. "बरा व्हयनात आन इसरी गयात. आमनं घर काय फक्त दुखनासाठेच शे का?" भांडता भांडता त्यांनी मऊ भात टाकला, नुसत्या मिठाचा, कारण नानांच्या वाईट दिवसांत काय चालतं ते त्यांच्या लक्षात होतं. नाना मान खाली घालून जेवले. डोळे पुसले, ते भात गरम आहे असं सांगून.

अक्कांच्या सुनेनं तेवढ्यात पारोळ्याला फोन लावला. नानांनी ही सगळी घरं पाळधीच्या त्या लग्नात एकाच पंगतीला बसवलेली. पारोळ्याच्या फाट्यावर तिथल्या घरचे भिकनआबा हात करून उभे, मंत्र्याचा दौरा अडवावा तसे. नानांना गरज नव्हती. "पन बादली भरी ठेयेल शे," आबा म्हणाले. मग नाना केवळ आबांचा मान राखायला आत जाऊन, शिस्तीत पाणी ओतून बाहेर आले. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत आम्ही इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. अक्काही मागच्या सीटवर होत्याच, त्यांना उतरवायची कुणाची हिंमत झाली नव्हती. बारसं आमच्यासाठी खोळंबलं होतं. नानांनी नातीला मांडीवर घेतलं तेव्हा तिनं पहिलं काम काय केलं हे सांगायला नको. ओला पायजमा सगळ्यांना दाखवत नाना म्हणाले, "घराण्यावर गेली."

पुढे नव्या इंजेक्शनांनी साहेब वठणीवर आले. नाना मुलीकडे धुळ्याला राहायला गेले, आणि येता-जाता एरंडोलला थांबायचे, पोट ठीक असताना मुद्दाम. मागच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. त्यात साहेबांचा काही हात नव्हता.

मी धुळ्याला जाऊन संघमित्राला भेटून परत निघाले तेव्हा तिनं बळेच दोन ग्लास पाणी पाजलं होतं. पारोळ्यापर्यंत कळ काढली. एरंडोलच्या अलीकडे गाडी आपली आपण गावात वळली म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी गरजेपायी दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवली. अक्कांना फोनवर कळलेलं होतं, डोळे सुजलेले. मी तोंड उघडलं, पण पाय धड एका जागी ठरेनात.

अक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दारातून बाजूला झाल्या.

"पहिले जाई ये, बाई," म्हणाल्या. "मंग दोन्ही जनी रडूत."