तीन घरं, एक वायर आणि एक विळा

सर्व सुजाण वाचकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, नालवाडीतल्या आमच्या गल्लीत इंटरनेटपायी रक्त सांडले. त्यातले पाव चमचा माझे.

आमच्या तीन घरांत मिळून कनेक्शन एकच. बाहेरची लाइन माझ्या जुन्या कॉम्प्युटरात शिरायची. तो आमचा दरवान. त्याच्यातून निघालेली वायर भिंतीवरून शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे जायची आणि गुरुजींकडच्या नेटच्या डब्यातून पुढे तिसऱ्या घरी, कचेरीतल्या बाबूंकडे. नियम असा की, एकाचं महत्त्वाचं काम असलं की बाकीच्या दोघांनी नेटला हात लावायचा नाही.

त्या दिवशी सकाळी अकराला बाबूंच्या मुलीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. कित्येक अर्जांनंतर आलेली पहिलीच. पाचव्या मिनिटाला पडद्यावरच्या साहेबांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. चित्र अडकलं.

बाबू विळा घेऊन अंगणात आले. “ओ मास्तर! मॅच पाहून राह्यले ना तुमी?”

गुरुजी तणतणत बाहेर आले. “माह्या घरचा टीव्ही बंद हाय! डोये फुटले काय तुह्ये?”

मॅच मी पाहत होतो. हे आज प्रथमच जाहीर करतो आहे.

बाबू भिंतीवर चढले आणि गुरुजींकडे जाणारी वायर त्यांनी एका घावात तोडली. आपलंही नेट त्याच वायरीतून येतं, हे रागात कोण आठवणार! गुरुजींनी पाण्याने भरलेला गडवा भिरकावला. तो बाबूंच्या कपाळावर बसला आणि बाबू थेट गुरुजींच्या अंगावर कोसळले. विळा नालीत पडला, म्हणून दोघेही आज हयात आहेत. मग चावणं, ओरबाडणं, बनियनच्या चिंध्या. मी मॅच बंद करून सोडवायला धावलो, तर गुरुजींच्या कोपराने माझा ओठ फाटला. तरी दोघांना ओढत ओढत माझ्या ओसरीवर आणलं.

तेवढ्यात बाबूंची मुलगी लॅपटॉप कवटाळून आली आणि आम्हा तिघांना ओलांडून माझ्या घरात शिरली.

“काका, वायर कुठी लावू?”

तोंडात रक्त होतं; मी नुसतं बोट दाखवलं. माझ्या कॉम्प्युटरची एक जादा वायर तिने सरळ लॅपटॉपमध्ये खुपसली. साहेबांचं तोंड एकदाचं मिटलं आणि ते पुन्हा बोलू लागले. इकडे बाबूंनी गुरुजींना दारावर आदळलं, गुरुजींनी माझी खुर्ची बाबूंच्या पाठीत मोडली.

साहेब दचकले. “मॅडम, मागे काय चाललंय?”

पोरगी वळूनही न बघता ओरडली, “काही नाई जी सर, नेटवर्क दुरुस्त करून राह्यले!”