खडकाआडचं वावर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको... या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आलोय. घरी भुताचा सिनेमा लावला की मी नको तिथे हसतो आणि बायको उशी उचलून दुसऱ्या खोलीत जाते. सतरा वर्षं प्रोग्रामिंग शिकवतोय. पहिल्याच तासाला सांगतो - बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, आकाशातून पडत नाही, तो आपणच लिहिलेला असतो, शोधा म्हणजे सापडेल. हे वाक्य इतक्या वेळा म्हणून झालंय की हल्ली पुढचं अर्धं मुलंच म्हणून टाकतात.

लोणावळ्यात बाजारपेठेच्या मागे पहिल्या मजल्यावर माझा छोटासा क्लास आहे. दुपारी दोन ते चार बॅच नसते. त्या वेळात डबा, अर्धा सिनेमा (उरलेला दुसऱ्या दिवशी), नाहीतर मी स्वतः बनवलेला गेम. फार मोठं काही नाही हो... वरून दिसणारं एक रान, चौकोनाचौकोनांचं. त्यात एक टोपीवाला फिरतो आणि आंबे गोळा करतो. एक खडक, दोन उंबर, कोपरात वाकलेल्या हातासारखा एक बांध, कडेला पाणी. मनाला येईल तसं काढलेलं. शिकवायलाही उपयोगी पडतं आणि काम करतोय असं सांगून खेळताही येतं. एकंदरीत माझं बरं चाललंय, तक्रार नाही.

तर या गेममध्ये एक बग होता. खडकापासून सहा चौकोन खाली आणि दोन डावीकडे गेलं की टोपीवाला गडप! खड्ड्यात पडल्यासारखा. आता माझ्या नकाशात खड्ड्याच्या जागी १ लिहिलेला असतो आणि साध्या जमिनीच्या जागी ०. तिथे शून्यच होतं. तो चौकोन पुसून पुन्हा काढला. अख्खा नकाशा नव्याने लिहिला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला. टोपीवाला नेमका तिथेच पडायचा. मुलांना काय, आयतंच कोलीत मिळालं - त्यांनी त्या जागेचं नाव ठेवलं, 'सरांचा खड्डा'.

रोहिणी याच मुलांच्या बॅचमधली. तिकोणा पेठेची, सव्वीस वर्षांची, कारखान्यातली नोकरी सोडून शिकायला आलेली. तिच्या वडिलांनी पवनेच्या काठी शेतात तंबू लावून कॅम्पिंग सुरू करायचं ठरवलं, तेव्हा वेबसाइट तिने स्वतः बनवली. मला केवढं कौतुक वाटलं! "सर, पहिले पाहुणे तुम्हीच. मॅडमना आणि ओवीला घेऊन यायचं, कारणं नकोत," तिने बजावलं. ओवी म्हणजे माझी मुलगी, नऊ वर्षांची.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. दुधिवरे खिंड उतरून साडेतीनला शेतावर पोचलो. त्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदाच जात होतो. रोहिणी आणि तिचे वडील, ज्यांना सगळे भाऊच म्हणतात, वाटच बघत होते. ओळीने चार नारिंगी तंबू. चार नंबरचा आमचा, पाण्याचा सगळ्यात छान देखावा तिथून दिसणार म्हणून.

"ह्ये आमचं खडकाआडचं वावर," भाऊ म्हणाले.

"पण भाऊ, शेत तर खडकाच्या पुढे आहे. आड कुठे?"

"आमचं जुनं गाव तितं पल्याड व्हतं, आता धरनाच्या पान्याखाली गेलं. तितनं बघितलं म्हंजी वावर खडकाच्या आड यायचं. म्हनून खडकाआड." पटण्यासारखं होतं. मी मान डोलावली.

ओवीला खडकावर चढून फोटो काढायचा होता. तिच्यामागे मीही धापा टाकत चढलो आणि वरून खाली पाहिलं.

दोन उंबर. कोपरात वाकलेला बांध. उजव्या हाताला पाणी... मी माझा गेम बघत होतो.

नकळत डोळ्यांनी मोजायला लागलो. सहा खाली, दोन डावीकडे. तिथे चार नंबरचा तंबू होता आणि बायको आत वाकून नेमकं ओवीचं अंथरूण घालत होती. ओवीचा हात धरून खाली आलो.

"भाऊ, हा तंबू जरा तिकडे, बांधाजवळ घेता येईल?"

"का वं सर? लय भारी जागा हाय ही."

आता काय सांगणार? माझ्या गेममधला माणूस इथे पडतो? मी म्हणालो, "मुंग्या आहेत."

भाऊंनी खाली वाकून पाहिलं. "कुटं? मला तर येक बी दिसंना. थांबा, पावडर मारतो."

"नको, ओवीला मुंग्यांची ॲलर्जी आहे."

"मला?" ओवी म्हणाली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की बस. एवढ्या प्रेमाने बोलावलेल्या माणसांकडे येऊन हा असले नखरे करतोय! पण मी हट्ट सोडला नाही. शेवटी भाऊ खुंट्या उपटायला लागले. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. रोहिणी तर माझ्याकडे बघेचना.

साडेपाचला आम्ही बांधावर चहा घेत बसलो होतो. कुणी काही केलं नाही, कुणी तिकडे गेलंही नाही. नुसता 'धप्प' असा आवाज झाला आणि तंबूच्या जुन्या जागेवरची माती खाली बसली. बैलगाडीच्या चाकाएवढं भोक. कडेने नीट रचलेले दगड दिसत होते. भाऊंनी पोटावर झोपून आत खडा टाकला... डुबुक् ऐकू यायला बराच वेळ लागला.

रोहिणी पुटपुटली, "सर... हा तर तुमचा खड्डा."

भाऊ मात्र दगडांकडेच बघत होते. "आड," ते हळूच म्हणाले. "आरं, ह्यो आड हाय! खडकाचा आड... खडकाआड. आमी आपलं समजत व्हतो, खडकाच्या मागचं." तीन पिढ्या ते नाव घेत होत्या आणि आड म्हणजे विहीर हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बायकोने ओवीला मांडीवर ओढून घेतलं आणि मुक्कामभर डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही. मग मला तिने दुसरा कप चहा स्वतः आणून दिला.

जमीन का खचली ते सांगता येईल. ट्रॅक्टर फिरवून सपाटी केली होती, वरची माती निघाली होती. माझ्या नकाशाचंही ओढूनताणून जमेल. कॉलेजात असताना तिकोणा किल्ल्यावर गेलो होतो, वरून हे रान दिसलं असेल, कुठेतरी डोक्यात राहिलं असेल. पण मातीखाली झाकलेला आड वरून कसा दिसेल? आणि शून्य लिहिलेल्या जागी माझा टोपीवाला का पडतो? क्लासमधल्या तीन हुशार मुलांनी कोड ओळीओळीने तपासला. तो अजूनही पडतो. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

निघायच्या आधी भाऊंना आडाभोवती बांबूचं कुंपण घालू लागलो आणि तेव्हा सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. तारेची गाठ मारत म्हणाले, "तुमाला कळलं कसं, त्ये मी न्हाई इचारत. पन सर, तुमी मुंग्या म्हनाला. मी पावडर मारून तंबू तितंच ठिवला असता, तर?"

गेमचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मुंग्यांचं मात्र आहे. पोरगी त्या अंथरुणावर झोपणार होती, आणि मला भीती कसली वाटत होती, तर लोक हसतील याची! म्हणून आज, मुंग्याबिंग्या काही न घालता, जसं घडलं तसं लिहिलंय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.