फुलंब्रीला न उतरलेल्या मावशी

सिल्लोडच्या एसटीत माझ्या शेजारी साठीच्या एक मावशी मोबाइलवर गेम खेळत होत्या. गेममधली मुलगी पुरात अडकलेल्या म्हाताऱ्या आईला शोधायला घोड्यावरून निघाली होती. ती वळली की मावशीही माझ्या अंगावर कलायच्या. एकदम घोडा भिंतीत घुसला आणि तिथंच पाय झाडत राहिला.

"गेम बिघडलाय, मावशी," मी म्हणालो.

"लई बिघडलाय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आमचे जावई बी बोलता बोलता असेच अडकत्यात. म्हणून पोरीला माघारी आणली का आम्ही?"

फुलंब्री आली. कंडक्टर ओरडला, पण मावशी हलल्या नाहीत.

"आत्ता बंद केला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतंय. म्हातारी तिकडं छपरावर बसलीय, भाऊ. सिल्लोडचं तिकीट द्या."

कपाळाला हात लावत त्यानं तिकीट दिलं. बऱ्याच वेळानं मावशींनी पदरानं डोळे पुसले. मी विचारायच्या आत मागून कंडक्टरच वाकला.

"उतरली का खाली म्हातारी?"

"उतरली. पोरीच्या गळ्यात पडून रडायलीय."

आनंदाच्या भरात त्यानं बेल मारली, आणि भर रानात गाडी उभी राहिली.