तित्तराचा चिंचोका

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? गिऱ्हाइकावर, सोन्यावर, की कवीवर? मी विट्याचा गलाईवाला. जुनं सोनं आटवून शुद्ध करण्यात उभा जन्म मदुराईत गेला. भट्टीतून निघाल्याशिवाय कशालाच सोनं म्हणायचं नाही, एवढीच माझी शाळा. मुलाकडं दुकान सोपवून गावी आलो, तर ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. मग तिघांचं मंडळ जमलं आणि किस्से साठले. ते मोडीच्या सोन्यासारखे चिमूटचिमूट येतात, आणि एक दिवस डबी भरलेली दिसते.

इंग्रजांच्या काळात आमच्या भागात एक शाळामास्तर होऊन गेले. माळ, ओढे, पाखरं यांच्यावर त्यांनी कविता केल्या. निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या गुरुजींना त्या तोंडपाठ. तिसरे हवालदार, फौजेतून परतलेले. एखाद्या रविवारी कवितेतल्या जागी जायचं, कविता वाचायची, आणि तिच्यातली वस्तू अजून आहे का बघायचं. असली तर 'आहे' लिहिलेल्या डब्यात चिंचोका, नसली तर 'गेलं' डब्यात. नियम माझा : एकट्याची साक्ष चालणार नाही.

*

पहिल्याच कवितेत गर्जणारा धबधबा होता. शिराळ्याच्या डोंगरात निम्मा दिवस पायपीट केली. पाणी सापडलं, हवालदारांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडत होतं.

"ह्यो गरजतोय व्हय?" हवालदार म्हणाले.

गुरुजी रागावले. "कवीनं जवळ कान नेला असेल."

मी म्हणालो, "आटवलं की सोन्यात घट येतेच. कवितेतही थोडी धरू."

चिंचोका 'आहे'मध्ये.

*

माळाच्या कवितेला गेलो, तर माळभर पवनचक्क्या. इथं गवत असेल, तिथं पळस, असे आम्ही हातवारे करत होतो. शेळ्या राखणारी एक बाई जवळ आली.

"आवं, कंपनीचं हाय का तुमी? जमीन बघताय?"

"न्हाई मावशी, कविता बघतोय."

तिनं तिघांनाही नीट न्याहाळलं. "घरी कोण न्हाई व्हय तुमच्या?"

मी चिंचोका 'गेलं'मध्ये टाकला आणि जीप काढली.

*

गुरुजींची लाडकी कविता तित्तराची. तिन्हीसांजेला करवंदीच्या जाळीतून तित्तर साद घालतो आणि एकटा वाटसरू थबकतो. गुरुजींची नजर अधू झालेली. "तो एकदा ऐकला की डबे फेकून द्या," म्हणायचे. कितीदा गेलो, जाळी गप्प. एकदा कविता चालू असताना हवालदार "आलोच" म्हणून जाळीमागं गेले, आणि तित्तर बोलला. गुरुजींचा चेहरा असा उजळला की मी लगेच चिंचोका टाकला.

उतरताना हवालदारांना विचारलं, तर हसले. "राजस्थानात शिकलो. बॉर्डरवर दुसरं काय काम असतंय गड्या?"

"अहो, पण खोट आहे ही."

"तू घट धरतोस न्हवं? ही बी धर की."

*

गेल्या थंडीत हवालदार वारले. गुरुजी आणि मी त्याच जाळीशी गेलो. कविता संपली. गुरुजी माझ्याकडं वळले.

"शेठ, तो चिंचोका काढा आणि 'गेलं'मध्ये टाका."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हवालदारांचा तित्तर मधेच थुंकी गिळायला थांबला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्यासाठी कुणी काट्यात शिरलं होतं, शेठ."

*

आता गुरुजींना लेकीनं साताऱ्याला नेलंय. गेल्या रविवारी एकटाच गेलो. अडखळत कविता वाचली. दुसरं कडवं संपलं आणि जाळीतून साद आली. मागं जाऊन पाहिलं, कुणी नाही. पुन्हा आली, कुठंही न थांबता. गुरुजींना फोन लावून हात उंच धरला.

"आलं का ऐकायला?"

"वारा ऐकू येतोय, शेठ." मग म्हणाले, "एकट्याची साक्ष चालत नाही. नियम तुमचाच आहे."

चिंचोका अजून खिशात आहे.

तर एकदा माझ्याबरोबर चला. गाडी माझी, चहा माझा. जाळीशी उभं राहा. ऐकू आलं तरच आलं म्हणा. माझ्या तोंडाकडं बघून घट धरू नका. हिशोब चोख ठेवा.