रिकाम्या शेडचा आवाज

आधीच सांगतो, आमच्या घरात भूत-भानामती हे शब्दसुद्धा चालत नाहीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि कुणाच्या अंगात आलं म्हटलं की आई सरळ डॉक्टरचा पत्ता देते. मीही तिचाच मुलगा. त्यामुळे कमेंटमध्ये शहाणपण शिकवायला येऊ नका... ते माझ्याकडे भरपूर आहे.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. गेल्या उन्हाळ्यात सुमित नावाच्या मित्राने हॉरर फिल्म काढली – सोलापुरातच, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका बंद पॉवरलूम शेडमध्ये. माग कधीच भंगारात गेलेले, उरले होते पत्रे आणि उकाडा. सुमितचं म्हणणं, भीती मंद आचेवर शिजली पाहिजे. तिच्याआधी आम्हीच शिजलो, ते सोडा. नायिका माझी धाकटी बहीण, प्रज्ञा. तिचं पहिलंच मोठं काम, आणि सुमितला तिचं नाव मीच सुचवलेलं.

सीन एवढाच – तिने भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि श्वास रोखायचा. प्रज्ञाने श्वास रोखला... आणि माझ्या हेडफोनमध्ये श्वास चालूच! माइक तिच्या डोक्यावर, जवळपास दुसरं कुणी नाही. मी कट मागितला. केबल बदलली, माइक बदलला. पुन्हा तेच, फक्त आता कुणीतरी दात आवळून, रागाने श्वास घेत होतं.

सुमितला ऐकवलं तर तो खूश, म्हणे फुकटात इफेक्ट मिळाला. माझं मात्र डोकं फिरलं. प्रज्ञाला म्हटलं, चल घरी. तिने सगळ्यांसमोर मलाच झापलं, की तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. सीन पुरा करूनच उठली.

दुपारी पॅकअप झालं. शेवटी रिकाम्या जागेचा आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागतो, एडिटिंगला लागतो तो. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराशी थांबलो. समोर गाडीत प्रज्ञा बाटलीने पाणी पीत बसलेली दिसत होती. आणि हेडफोनमध्ये, शेडच्या आतून, तिचाच आवाज आला.

"दादा, मला सोडून जाऊ नको की."

ती बोबडं बोलायची तेव्हापासून हा आवाज ओळखतो मी. आत वळून पाहिलं – कोपरान्‌ कोपरा रिकामा. बाहेर पाहिलं – ती पाणीच पीत होती. मी सामान उचललं, शटर ओढलं आणि कुलूप घातलं. मला नावं ठेवणाऱ्यांनी सांगावं, तुम्ही काय केलं असतं?

ते रेकॉर्डिंग मी तिथंच डिलीट केलं. कुणालाही, अगदी कुणालाही काही बोललो नाही.

त्या दिवसापासून प्रज्ञा माझ्याशी बोलत नाही. मी जेवायला बसलो की ताट उचलून आत जाते. आधी वाटलं, सेटवरच्या भांडणाचा राग असेल. पण ती ज्या नजरेने बघते ना... सख्ख्या बहिणीची भीती वाटते मला. परवा शेवटी आईने तिला समोर बसवून विचारलं, त्यानं असं केलं तरी काय?

प्रज्ञा माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "मी आतनं हाका मारत होते. यानं ऐकलं, आन् कुलूप लावलं."

 सुमित शेडची किल्ली परत मागतोय. मी देत नाही, आणि जाऊन ते शटर उघडायची माझी हिंमतही होत नाही.